नऊशे नव्याण्णवनंतर

"सरपंचाची आई, सरपंचाचा चुलता आन सरपंचाचा मामा," खिडकीतून आत वाकून तो माणूस म्हणाला. "बासष्ट जनांनी रक्त दिलं. त्यातनं ही तिघंच निरोगी निघाली व्हय?"

मी मान वर केली नाही. सोमवार होता, दुपारचा एक वाजला होता आणि वीज गेलेली होती. जनरेटर फक्त ऑपरेशन थिएटरला जोडलेला. माझं मशीन बॅटरीवर चाललं होतं आणि बॅटरी वीस मिनिटांची. तेवढ्यात आदल्या दिवशीच्या पंचवीस पेशंटची घरी जाण्याची कार्डं छापून काढायची होती.

"गाव कोणतं?"

"हिवरदरा."

"नाव?"

"माहं का मायचं?"

"पेशंटचं हो."

"ठकूबाई गर्जे. मी आश्रुबा, तिचा पोरगा."

समोर ऑपरेशनची यादी होती. मी तिच्यावरून बोट फिरवलं. ठकूबाई गर्जे त्यात नव्हत्या.

"नाव नाही यादीत."

"ते म्या भिंतीवर बघितलं की. नाव न्हाई म्हनून तर आलो. का न्हाई ते सांगा."

ही १९९८ सालची गोष्ट. तालुक्याच्या गावी एका ट्रस्टचं डोळ्यांचं छोटं हॉस्पिटल होतं आणि तिथे मी कॉम्प्युटर ऑपरेटर होते. दरवर्षी दसऱ्याच्या आधी मोतीबिंदूचं शिबिर व्हायचं. आधी आठवडाभर गावोगाव जाऊन तपासणी, मग चार दिवस ऑपरेशनं. दसऱ्याच्या आधी, कारण दसरा झाला की अर्धा तालुका ऊस तोडायला घाटाखाली जायचा आणि पेशंटला आणायला-न्यायला घरात कोणी उरायचं नाही. औरंगाबादहून डॉ. पारगावकर मॅडम येत. चार दिवसांत शंभर डोळे एकटीने करत आणि पाचव्या दिवशी परत जात. मी त्या आठवड्यात सकाळी सात ते संध्याकाळी सात खुर्चीवरून उठत नसे. हे सगळं सांगते आहे ते सबब म्हणून नव्हे. त्या दुपारी मी किती दमले होते ते कळावं म्हणून. आणि कदाचित सबब म्हणूनही.

आश्रुबा पस्तिशीचा असेल. उन्हात रापलेला, सदऱ्याची वरची दोन बटणं नसलेला. हिवरदऱ्याहून फाट्यापर्यंत सात किलोमीटर चालून, पुढे एसटीने आला होता.

"हे बघा बाई," तो म्हणाला, "मायचा उजवा डोळा बाभळीचा काटा लागून कवाच गेला. डावा पिकलाय. ताट पुढं ठिवलं तर हात वाटीत पडतोय. मला दोन पोरी हायत. थोरली पाचवीला, धाकटी दुसरीला. माय बघती झाली तर पोरी तिच्यापाशी ठिवून आमी जाऊ. न्हाई तर बिऱ्हाडासंगं फडावर न्यायच्या. एकदा फडावर गेली पोरगी की शाळा सुटलीच म्हना."

"टोळी कधी निघते?"

"बेस्तरवारी. पथ्य आसंस्तवर मावशीला ऱ्हायला बोलावलंय, महिनाभर. सगळं जमवलंय म्या. फकस्त नाव येईना."

मशीनने बीप दिला. बॅटरी संपत आल्याचा पहिला इशारा. अकरा कार्डं राहिली होती.

"यादी माणूस करत नाही, मशीन करतं," मी म्हणाले. "इथे कुणाचा सरपंच-बिरपंच चालत नाही. रक्तात काही निघालं असेल. साखर असेल, नाहीतर बीपी. त्यात ऑपरेशन करत नाहीत, डोळा जातो."

"मग तसं सांगितलं न्हाई कुनी."

"एवढ्या लोकांना एकेकाला कोण सांगत बसणार?"

मला वाटलं आता भांडेल. खिडकीच्या गजांना धरलेले हात त्याने काढले.

"साखर आसंल," तो म्हणाला. त्याच्या आवाजातला सगळा राग कुठे गेला कोण जाणे. "गुळाचा चहा लई पेती."

आणि तो गेला. रक्त तपासणाऱ्या शकीलभाईंच्या वहीत बघायला मला दहा पावलं चालावी लागली असती. प्रयोगशाळा माझ्या खोलीला लागूनच होती. मी कार्डं छापली. सातवं छापताना मशीन बंद पडलं.

*

यादी कशी व्हायची ते सांगायला हवं.

तपासणीत ज्यांना मोतीबिंदू निघे त्यांना एक केस नंबर मिळे, गेल्या वर्षीच्या शेवटच्या नंबरापुढचा. तो नंबर लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या मनगटाला दोऱ्याने बांधत. गावोगावचे कागद माझ्याकडे येत, हवे तसे उलटेसुलटे, आणि मी त्यांची एक फाईल टाइप करी: नंबर, नाव, गाव, कोणता डोळा. रक्त आणि बीपी शकीलभाई तपासत. ऑपरेशनला जे ठीक असत तेवढ्यांचीच दुसरी फाईल ते करून देत: नंबर, साखर, बीपी. दोन्ही फाइलींत सारखी गोष्ट एकच, केस नंबर. मशीनला एक आज्ञा दिली की ते दोन्ही फाइली शेजारी ठेवून नंबराला नंबर जुळवी आणि जुळलेल्या माणसांची तिसरी फाईल काढून देई. तीच ऑपरेशनची यादी. हाताने करायला दोन दिवस लागायचे, मशीन डोळ्याची पापणी लवायच्या आत करी. मी पुण्याहून ही विद्या शिकून आले होते आणि हॉस्पिटलात तिचा मोठा दबदबा होता.

अट एकच असे. जुळवण्याआधी दोन्ही फाइली एकाच क्रमाने लावलेल्या हव्यात. माझी फाईल उलटीसुलटी असायची, म्हणून ती मी मशीनकडून लावून घेई. शकीलभाईंची लावावी लागत नसे. ते नळ्या नंबरवार उभ्या करत, नंबरवार तपासत, नंबरवार टाइप करत. तीन वर्षांत त्यांच्या फाइलीत एक ओळ इकडची तिकडे झालेली मी पाहिली नव्हती.

त्या वर्षी यादी काढली तेव्हा बरोबर शंभर नावं आली. मॅडमनी फोनवरून विचारलं, "किती?" मी म्हणाले, "शंभर." त्या हसल्या. "वा. या वर्षी देवानेच मोजून दिलेत." मलाही बरं वाटलं. एकशे अठ्ठ्याऐंशी लोकांतून शंभर, पंचवीस-पंचवीसचे चार दिवस. कुठे ओढाताण नाही.

हिवरदऱ्याची तीनच नावं आहेत हे जीपवाल्या बन्सीने यादी गावात लावून आल्यावर सांगितलं होतं. तेव्हा शकीलभाई म्हणाले होते, "तिथलं पाणी खारट. बीपी असणारच." ते मला पटलं. दूरचं, डोंगरातलं, टोळीवर जाणाऱ्यांचं गाव. तिथली माणसं आजारी असणार, यात शंका घेण्यासारखं काही मला वाटलं नाही.

*

मंगळवारी दुपारी चारला मी बुधवारच्या शेवटच्या पंचवीस जणांची यादी थिएटरच्या दारावर चिकटवत होते. वरचे कोपरे चिकटवले, खालचे चिकटवायला वाकले आणि शेवटचे तीन नंबर डोळ्यांसमोर आले. नऊशे सत्त्याण्णव, नऊशे अठ्ठ्याण्णव, नऊशे नव्याण्णव. तिघंही हिवरदऱ्याची. सरपंचाची आई, चुलता, मामा.

गावात तपासणीची रांग लागते तेव्हा पुढे कोण असतं ते सांगायला नको. आधी सरपंचाच्या घरची माणसं. ती आधी आली म्हणून त्यांना आधीचे नंबर मिळाले. त्यांच्यामागे बाकीचं गाव उभं होतं. एक हजारपासून.

चिकटपट्टी तशीच हातात घेऊन मी शकीलभाईंकडे गेले. ते नळ्या धूत होते.

"शकीलभाई, हजारच्या पुढचे किती जण ठीक होते?"

"तुमच्याकडे फाईल आहे ना, कुंदाबाई."

"वहीत बघून सांगा."

त्यांनी हात पुसले, वही काढली, मनात मोजलं. "एक्केचाळीस."

"ठकूबाई गर्जे?"

"एक हजार तेहेतीस. साखर एकशे चार. बीपी माझ्याहून झकास. का हो?"

मी त्यांच्या स्टुलावर बसले.

"मशीन अंक मोजत नाही," मी म्हणाले. "ते अक्षरासारखे वाचतं. आपण नावं लावताना आधी पहिलं अक्षर बघतो ना, तसं ते पहिला आकडा बघतं. आठच्या आधी एक. म्हणून त्याच्या हिशेबी आपल्या या वर्षीच्या पहिल्या नंबराच्या, आठशे एकाहत्तरच्या, आधी एक हजार."

"हजार आठशेच्या आधी?" शकीलभाई म्हणाले. "कुठल्या शाळेत शिकलंय हे?"

"आजवर सगळे नंबर तीन आकडी होते. तुमचा क्रम आणि त्याचा क्रम एकच पडायचा. या वर्षी पहिल्यांदा हजार ओलांडले. मी माझी फाईल त्याच्याकडून लावून घेतली, त्याने हजारवाले सगळ्यात वर नेले. तुमची फाईल माणसासारखी लावलेली, हजारवाले सगळ्यात खाली. जुळवायला बसलं तेव्हा माझ्या फाइलीत वरती एक हजार, तुमच्या फाइलीत वरती आठशे एकाहत्तर. त्याला वाटलं, एक हजारची जोडी दुसरीकडे नाहीच. सोडून दिला. मग पुढचा सोडला. सगळे सोडले. एकदा पुढे गेलं की ते मागे वळून बघत नाही."

"आणि बोललं नाही काही?"

"नाही. जुळलेल्यांची यादी माग म्हटलं तर ते तेवढीच देतं. न जुळलेल्यांची वेगळी मागावी लागते. मी कधी मागितली नव्हती."

शकीलभाईंनी वही मिटली. मग हळूच म्हणाले, "म्हणजे माझ्या फाइलीत चूक नव्हती."

"नाही. तुमची लावून घ्यायला हवी होती. मी घेतली नाही."

"तुम्ही घेतली नाही कारण तुम्हाला वाटलं, शकीलची फाईल आहे." ते कडवट हसले. "चाळीस माणसं माझ्या नीटनेटकेपणात गेली म्हणा की."

*

मॅडम दोन ऑपरेशनांच्या मधे थिएटरबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. चहाचा कप बाकावरच ठेवलेला, त्यावर साय धरलेली. त्या साठीच्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांची मान डावीकडे वळत नसे, बोलायचं झालं तर आपणच उजवीकडे जाऊन उभं राहायचं. मी उजवीकडे गेले आणि सगळं सांगितलं.

"शंभर बरोबर आले तेव्हा मलाही बरं वाटलं होतं," शेवटी त्या म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत कधी असा नेमका शंभरचा आकडा आला नाही. तेव्हाच विचारायला हवं होतं."

"किती घेता येतील, मॅडम?"

"लेन्स एकशे दहा आल्यात. म्हणजे दहा."

"एक्केचाळीसपैकी दहा?"

"उद्या माझे पंचवीस आहेत. त्यात दहा म्हणजे पस्तीस. एवढे मी चाळिशीतही एका दिवसात केले नाहीत, कुंदा. लेन्स जास्त असत्या तरी हात नसते." त्यांनी कप उचलला, साय बघितली आणि परत ठेवला. "ज्यांना दुसरा डोळा नाही ते आधी. मग दोन्ही पिकलेले. बाकीच्यांना जानेवारीत बोलवू."

"जानेवारीत ते गावात नसतात."

"माहीत आहे मला."

आम्ही दोघींनी बाकावरच हाताने दहा नावं काढली. ठकूबाई गर्जेंचं नाव दुसरं होतं. मॅडम उठता उठता म्हणाल्या, "कोणी विचारलं तर मशीनची चूक झाली म्हण. लोकांना पटतं, आणि ते मशीनवर चिडत नाहीत."

*

बुधवारी सकाळी आठला आम्ही हिवरदऱ्याला पोचलो. पेशंटना आणायला मॅटडोर आणि माझ्यासाठी बन्सीची जीप. गाव अर्धं रिकामं दिसत होतं. पाराजवळ ट्रॉलीची ताजी चाकं उमटलेली, ज्वारीचा कडबा सांडलेला, एका बंद दारासमोर कोंबडी.

ठकूबाई अंगणात बाजेवर बसल्या होत्या. बारीक, पांढऱ्या केसांची, कपाळावर गोंदलेली बाई. जीपचा आवाज ऐकून त्यांनी तोंड वर केलं, पण जीपच्या दिशेने नाही.

"कोन हाय?"

"हॉस्पिटलातून आले आहे, आजी. तुमचं ऑपरेशन आज करायचंय."

"मला साखर हाय."

"नाही आजी. साखर नाही तुम्हाला. आमच्याकडे चूक झाली."

त्यांनी हे ऐकून घेतलं. जबडा हलवला. "परवापासनं बिनगुळाचा चहा पेले," त्या म्हणाल्या. "आश्रुबानं गूळच नेला उचलून. ग्वाड लागलं तर मरशील म्हनला."

"आश्रुबा कुठे आहेत?"

"गेली की समदी. मुकादम उद्याचा म्हनला व्हता, आन आज पाटंच येऊन हारन वाजवाया लागला. दुसऱ्या गावची नवरा-बायकूची जोडी आजारी पडली, तवा ह्यास्नीच आधी उचललं. निजलेल्या पोरी तशाच ट्रालीत टाकल्या."

"आणि तुमची बहीण येणार होती ना? महिनाभर?"

"तिला सांगावा धाडला, यिऊ नगं म्हनून. नावच आलं न्हाई तर यिऊन काय करायची? ती बी काल तिच्या ल्योकासंगं गेली. शेजारीन दोन भाकरी देती मला. हाय माहं बरं."

बन्सी म्हणाला, "बाई, ट्रॅक्टर फाट्याच्या पंपावर थांबतो. तिथं दोन-तीन गावची बिऱ्हाडं गोळा करतात, डिझेल भरतात. दहापर्यंत हलत नाही."

मी ठकूबाईंना हाताला धरून मॅटडोरमध्ये बसवलं. त्यांचा हात सोडताना म्हणाले, "आजी, तुम्ही पुढे व्हा. मी दोघींना परत घेऊन येते."

हे मला कोणी विचारलं नव्हतं. कोणी मागितलंही नव्हतं.

"आनशील?" त्या म्हणाल्या. मॅटडोर निघाली तरी त्यांचं तोंड माझ्या आवाजाकडे वळलेलं होतं.

*

ट्रॅक्टर पंपावरच होता. मागे दोन ट्रॉल्या. त्यांत भांडी, गोधड्या, शेळ्या, बाजा, पत्रे, आणि त्या सगळ्याच्या वर माणसं. आश्रुबा चाकाजवळ उकिडवा बसून तंबाखू मळत होता. मला बघून तो उभा राहिला. ट्रॉलीत त्याची बायको लंकाबाई होती, शेजारी दोन पोरी. थोरली अयोध्या दहा वर्षांची, दोन घट्ट वेण्या. धाकटी सुरेखा सहा-सात वर्षांची, अजून डोळे चोळणारी.

मी सांगितलं. साखर नव्हती, बीपी नव्हतं. नाव यायला हवं होतं. आत्ता त्यांना थिएटरला नेलं आहे.

आश्रुबाने मळलेली तंबाखू तशीच तळहातावर धरून ठेवली.

"चूक कुनाची?"

"माझी."

"सरपंचाची न्हाई?"

"नाही. त्यांचा काही संबंध नाही. नंबर लावताना माझी चूक झाली. मी बघितलं नाही."

मग त्याने तंबाखू खाली टाकली. "सरपंचाची आसती तर बरं झालं आसतं," तो म्हणाला. "भांडता तरी आलं आसतं."

"पोरींना उतरवा," मी म्हणाले. "उद्या पट्टी सुटेल. आजींना दिसेल. पोरी शाळेत जातील, तुमचं ठरलं होतं तसं."

लंकाबाई वरून म्हणाली, "आवो बाई, पट्टी सुटली म्हनून लगीच चूल पेटवील का ती?"

महिनाभर धुराजवळ जायचं नाही, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, हे आमच्याच कार्डावर छापलेलं होतं. मीच छापत होते.

"मावशी आसती तर येगळं," लंकाबाई म्हणाली. "आता महिनाभर म्हातारीलाच कोन तरी करून घालाया पायजे."

"मी करते," अयोध्या म्हणाली. "मला भाकरी येती."

"तुला येती. आन तू शाळंत गेल्यावर हिच्याकडं कोन बघनार? म्हातारी डोळा संबाळत बसनार का हिच्यामागं फिरनार?"

"शाळेत दोघी बरोबर जातील," मी म्हणाले.

"दुसरीची शाळा साडेधाला सुरू, बाराला सुट्टी," लंकाबाई म्हणाली. तिला वेळापत्रक पाठ होतं. "पाचवीची पाचला. मधी हिरीवर जाती का वड्याला जाती, कुनाला ठावं. मागल्या साली सानपाचं पोरगं तसंच गेलं."

मुकादमाने पुढून आवाज दिला, "आश्रुबा, आवर रं. लगीन ठरवतुयास का काय?" ट्रॉलीतले दोघं-तिघं हसले.

आश्रुबाने बायकोकडे बघितलं. मग त्याने हात वर करून अयोध्याला काखेत धरलं आणि खाली उतरवलं. लंकाबाईने वरून तिचं दप्तर दिलं, एक गाठोडं दिलं, एक स्टीलचा डबा दिला.

सुरेखा उठून उभी राहिली. आता आपल्याला उतरवणार म्हणून तिने दोन्ही हात पुढे केले होते.

"तू बस," लंकाबाई म्हणाली.

"माहं दप्तर?"

"बस म्हनलं ना."

मी म्हणाले, "मी बघते काही. हॉस्पिटलात—"

"हास्पिटलात काय?" आश्रुबा म्हणाला. रागाने नाही. त्याला खरंच उत्तर हवं होतं.

मी दिवसाचे बारा तास खुर्चीवर बसणारी बाई. भाड्याची एक खोली. शिबिर संपलं की पुढच्या गावाचे कागद.

ट्रॅक्टर सुरू झाला. सुरेखाने आईच्या मांडीआडून आपलं दप्तर ओढून काढलं आणि कडेवरून खाली फेकलं. ते धुळीत पडलं. अयोध्या धावत जाऊन घेऊन आली. जीपमध्ये ती दोन्ही दप्तरं मांडीवर घेऊन बसली, हॉस्पिटल येईपर्यंत. बन्सीने एकदा आरशातून माझ्याकडे बघितलं आणि मग रस्त्याकडेच बघत राहिला.

*

आम्ही पोचलो तेव्हा ठकूबाई थिएटरमध्ये होत्या. संध्याकाळी साडेसातला मॅडमनी पस्तिसावा डोळा केला आणि हातमोजे काढून तिथेच भिंतीला टेकून बसल्या. पट्टी सुटेपर्यंत वॉर्डात नातेवाइकांना सोडत नसत, पेशंट हलतात म्हणून. अयोध्याला शकीलभाईंनी घरी नेलं. त्यांच्या बायकोने तिला जेवू घातलं, वेण्या परत घालून दिल्या.

मी दोनदा वॉर्डाच्या दारापर्यंत जाऊन आले. ठकूबाई उताण्या पडल्या होत्या, दोन्ही डोळ्यांवर पट्टी, हात पोटावर जोडलेले. नर्सने सांगितलं, "गुणी बाई आहे. सारखी एवढंच विचारते, पोरी आल्या का म्हणून. मी म्हटलं, आल्यात."

मी सांगू शकले असते. नर्सलाही आणि त्यांनाही. सांगितलं नाही.

गुरुवारी सकाळी सातला पट्ट्या सोडायला सुरुवात झाली. मॅडमना आठच्या गाडीने निघायचं होतं. त्या एकेका खाटेपाशी थांबत, पट्टी सोडत, डोळा पुसत, बोटं पुढे धरत. मी मागे कार्डं घेऊन चालत होते. ठकूबाईंच्या खाटेशी आलो तेव्हा अयोध्याही आत आली आणि पायथ्याशी उभी राहिली.

मॅडमनी पट्टी सोडली, कापसाने पापणी पुसली. ठकूबाईंनी डोळा उघडला, मिटला, परत उघडला. पाणी वाहिलं.

"आजी, किती बोटं?"

"तीन."

"आता?"

"एक."

"छान. समोर कोण उभं आहे, ओळखता का?"

ठकूबाईंनी मान थोडी उचलली. बराच वेळ बघितलं. वर्षभर तिचा नुसता आवाज ऐकला होता त्यांनी.

"अयोध्या," त्या म्हणाल्या. "केवढी झाली."

"आणखी काय दिसतंय?"

त्या बघत राहिल्या. अयोध्याच्या उजवीकडे, डावीकडे. मग मान वाकडी करून तिच्या मागे.

"हिच्या मागं कोन हाय?"

"मागे कोणी नाही, आजी," मॅडम म्हणाल्या.

"बारकी आसंल. उंच न्हाई ती. आडुशाला उभी ऱ्हाती."

मॅडम वाकल्या, टॉर्च मारून डोळा तपासला, बुबुळ तपासलं, लेन्स जागेवर आहे का बघितलं. "आजी, परत एकदा सांगा. किती मुली दिसतात?"

"एक," ठकूबाई म्हणाल्या. "एकच दिसती."

"बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या आणि मागे हात करून माझ्याकडून कार्ड घेतलं. त्यावर त्यांनी लिहिलं, दृष्टी चांगली. त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. ठकूबाईंचा नवा डोळा आता माझ्यावर होता.